नवोदित स्टँड-अपसाठी पाच मिनिटांचा सेट : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी : काय बनवायचं आहे

ओपन माइकच्या (नाव नोंदवून कोणीही मंचावर येऊ शकेल अशा कार्यक्रमाच्या) पाच मिनिटांच्या स्लॉटमध्ये टिकेल असा एक सेट, म्हणजे सलग सादर करायचे विनोद, आणि त्याच सेटचं एकसलग, न कापलेलं चित्रण. आयोजक लाइनअप ठरवताना हेच चित्रण मागतात. तासाचा शो, पॉडकास्ट, रोजच्या रील्स यातलं काहीही या प्रकल्पात नाही.

आधी हिशेब. स्लॉट ३०० सेकंदांचा असला तरी लक्ष्य २८० ठेवलं आहे, कारण वेळ ओलांडणाऱ्याला पुन्हा बोलावताना होस्ट दहा वेळा विचार करतो. मिनिटाला १५ सेकंद हशा आणि थांबे धरले तर त्यातली ७० सेकंदं गेली. मंचावर येणं, माइक काढणं, शेवटी परत लावणं यात २० गेली. बोलायला उरली १९०. मिनिटाला ११५ शब्द या वेगाने साधारण ३६० शब्द. यापेक्षा मोठी संहिता हातात घेऊन कोणी आलं, तर ती पाच मिनिटांची नाही, एवढं न वाचताच सांगता येतं.

पहिला खर्डा ७८० शब्दांचा आहे. नुसता बोलायलाच पावणेसात मिनिटं.

९ जानेवारी : विषयांची छाटणी

विषय ठेवायचा की टाकायचा, यासाठी एकच कसोटी लावली : या विषयाबद्दल बोलणाऱ्याचं मत एका वाक्यात सांगता येतं का? ‘लिफ्ट’ हा विषय आहे. ‘लिफ्टचं दार बंद करायचं बटण माणसाचा खरा स्वभाव उघडा पाडतं’ हे मत आहे. विनोद मतातून निघतो. नुसत्या विषयातून निरीक्षणं निघतात आणि त्यावर लोक मान डोलावतात, हसत नाहीत.

खर्ड्यातून बाद : दाताचा डॉक्टर तोंडात हत्यारं घालून प्रश्न विचारतो, मुलाखतीत ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता’, मीटिंगमध्ये म्यूट राहून गेलेला माणूस. तिन्ही चालतात, पण इतक्यांनी चालवले आहेत की सेटअपच्या (विनोदाच्या प्रस्तावनेच्या) तिसऱ्या शब्दालाच खोली (म्हणजे प्रेक्षक) पंचपाशी, हसू आणणाऱ्या शब्दापाशी, जाऊन उभी राहते. हे चोरीत मोडत नाही. एकाच गोष्टीवर दोघांना एकच सुचणं नेहमीचं आहे. तरीही नवोदिताने त्यावर वेळ घालवू नये, कारण तुलना होणार ती ज्याने तो विनोद वर्षभर घासला आहे त्याच्याशी.

राहिले तीन : मनगटावरचं स्मार्ट घड्याळ, लिफ्टचं बटण, पासवर्डचा सुरक्षा प्रश्न. घड्याळ ‘उठा’ म्हणून मागे लागतं, एवढा भाग अनेकांकडे सापडेल. म्हणून तो फक्त सेटअप म्हणून वापरायचा, वळण पुढे कुठेतरी शोधायचं.

१४ जानेवारी : शेवटचा शब्द

आजचा पूर्ण दिवस वाक्यरचनेत गेला, आणि तो जायलाच हवा होता.

पंच म्हणजे अपेक्षा मोडणारा शब्द. तो उच्चारला गेला की माणसाला हसायचं असतं. त्यानंतरही बोलणं चालू राहिलं तर ऐकणारा सभ्यपणे हसू आवरतो आणि वाक्य पुरं व्हायची वाट पाहतो. वाक्य संपेपर्यंत हसू विरलेलं असतं. मराठीत हा धोका पदोपदी आहे, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘आहे’, ‘होता’, ‘म्हणाला’, ‘असं वाटलं’ ही शेपटं पंचनंतर लोंबत राहतात.

खर्ड्यातलं वाक्य असं होतं :

‘घरात टोमणे मारणारी माणसं आधीच होती, पण आता मी मनगटावर पण एक बांधून घेतलं आहे असं मला वाटतं.’

इथे मोडणारा शब्द ‘मनगटावर’. त्याच्यानंतर आठ शब्द. शिवाय ‘पण’ने आधीच इशारा दिला आहे की आता वळण येतंय. ‘पण’, ‘तर गंमत अशी की’, ‘आणि मग काय’ ही सगळी वळणाआधीची पाटी आहे. पाटी वाचली की दचकायला होत नाही.

आताचं वाक्य :

‘घरात टोमणे मारणारी माणसं होतीच. आता एक मनगटावर.’

इथे जे केलं तेच बाकीच्या संहितेतही करायचं आहे. ‘आहे’ सरळ गाळता येतं, मराठी वाक्य त्यावाचून उभं राहतं. बोलीत क्रियापदानंतर शब्द टाकता येतो : ‘बांधलंय एक, मनगटावर.’ किंवा क्रियापदच धक्का देणारं निवडायचं, मग त्याचं शेवटी असणं आपल्याच फायद्याचं. ‘असं मला वाटतं’ मात्र कुठेच ठेवायचं नाही. मंचावर उभा असलेला माणूस बोलतोय म्हणजे ते त्यालाच वाटतंय.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘झालं’, ‘केलं’, ‘गेलं’ असे शब्द वाक्याच्या शेवटी घशात जातात, कारण बोलताना आवाज तिथे आपोआप उतरतो. कागदावर पंच ठीक दिसतो आणि मागच्या रांगेला ऐकूच जात नाही. शेवटचा शब्द ठणठणीत ऐकू येणारा हवा, नाहीतर तो मुद्दाम उचलून बोलायची सवय लावावी लागते. पहिला मार्ग सोपा.

१७ जानेवारी : टॅग

टॅग म्हणजे नवा सेटअप न देता त्याच पंचवर मारलेला पुढचा पंच. शब्दांच्या हिशेबात सगळ्यात स्वस्त हशा इथे मिळतो. प्रत्येक पंचखाली किमान पाच टॅग लिहायचे आणि दोन ठेवायचे, असा नियम केला.

घड्याळाच्या बिटमध्ये (सेटमधल्या एका विषयाच्या तुकड्यात) नेमकं वळण इथेच सापडलं :

‘दर तासाला थरथरतं. “उठा.” उठत नाही. बॅटरी संपते. आता चार्जरपर्यंत जायला… उठावं लागतं.’

टॅग एक : ‘दिवसभरातली एकूण पावलं? चार्जरपर्यंत.’

टॅग दोन : ‘परतीची मोजलीच नाहीत. घड्याळ चार्जरला.’

दुसरा टॅग पहिल्यापेक्षा चांगला आहे, कारण तो तर्काने येतो आणि तरी कोणी आधी ओळखत नाही. टोमण्यांचं वाक्य आता या बिटचं दार झालं, मुख्य खोली ही. टॅगचा क्रम लावताना चढता ठेवायचा. सगळ्यात जोरदार टॅग आधी मारला की पुढचे त्याच्या सावलीत मरतात.

२१ जानेवारी : पासवर्डचा बिट

सेटअप : दहा वर्षांपूर्वी दिलेल्या सुरक्षा प्रश्नाचं उत्तर आता आठवत नाही. प्रश्न : तुमचा जिवलग मित्र कोण?

‘तीन नावं टाकली. तिन्ही चूक. म्हणजे माझा जिवलग मित्र कोण हे त्या वेबसाइटला माहीत आहे. मला नाही.’

‘मला नाही’ हे दोन शब्द बाकी सगळं उचलतात. त्यांच्याआधी अर्धा सेकंद थांबा हवा. त्याहून जास्त थांबलं तर लोक स्वतःच वाक्य पुरं करतात.

शेवटाचा पहिला आराखडाही झाला : घड्याळाला इथे परत आणायचं. कॉलबॅक. एका जुन्या बिटमधली वस्तू नव्या बिटमध्ये अचानक उगवली की लोक दुप्पट हसतात, कारण ओळख त्यांनी स्वतः पटवलेली असते. अट एकच : मूळ उल्लेख आणि कॉलबॅक यांच्यात दुसरं काहीतरी येऊन गेलेलं असावं. लगेच केला तर तो फक्त टॅग होतो.

अडचण तर्काची आहे. दहा वर्षांपूर्वीच्या उत्तरात ‘घड्याळ’ कसं असेल? हसणारा माणूस एवढा विचार करतो का? करतो. शब्दांत करत नाही, पण कुठेतरी अडकतो आणि हशा अर्धा येतो. उपाय : जुनं उत्तर शोधायचंच नाही. वेबसाइट म्हणते, ‘नवीन उत्तर द्या.’

‘नवीन उत्तर द्या. जिवलग मित्र? … विचार करतोय. आणि मनगटावर थरथर. “उठा.” दिवसभरात स्वतःहून चौकशी करणारं एकच. टाइप केलं. घड्याळ. स्क्रीनवर आलं : हे उत्तर असुरक्षित आहे. बऱ्याच जणांचं हेच.’

इथेही ‘आहे’ गाळलं. ‘बऱ्याच जणांचं हेच’ हे संपूर्ण सेटचं शेवटचं वाक्य. यानंतर फक्त ‘थँक यू’ आणि नाव.

२८ जानेवारी : जोडण्या आणि वेळा

सलामी २० सेकंद, घड्याळ ७५, लिफ्ट ५५, पासवर्ड ७५, शेवट ४५, निरोप १०. एकूण २८०.

क्रमाचा नेहमीचा नियम : दुसऱ्या क्रमांकाचा मजबूत बिट सुरुवातीला, सगळ्यात मजबूत शेवटी, कच्चं आणि नवं मधे. पण इथे अवलंबून असण्याचाही प्रश्न आहे. शेवट चालायला घड्याळ आणि पासवर्ड दोन्ही लागतात. म्हणून वेळ कमी पडली तर कापायचा तो लिफ्टचाच बिट. हे मंचावर ठरवायचं नसतं. संहितेच्या कागदावर लिफ्टभोवती चौकट काढून ठेवली आहे.

पाच मिनिटांच्या स्लॉटला लाइट (वेळ संपत आल्याचा दिव्याचा इशारा) बहुतेक ठिकाणी शेवटचं मिनिट उरलं की देतात. शेवट ४५ सेकंदांचा असल्याने लाइट दिसल्यावर चालू विनोद पुरा करून थेट त्यावर उडी मारता येते. लाइट कुठून देणार हे होस्टला आधीच विचारायचं आणि जमलं तर मान हलवून ‘दिसला’ एवढं कळवायचं. ‘ओह, लाइट आला, चला संपवतो’ असं माइकमध्ये म्हणणं बंद. लोकांना लाइटचं काहीच देणंघेणं नसतं.

सलामीतून ‘कसे आहात सगळे?’ आणि ‘आवाज येतोय ना?’ काढलं. पहिला हशा १५ ते २० सेकंदांत यायला हवा. तोवर खोली ठरवत असते की या माणसाच्या हाती स्वतःला सोपवायचं की फोन काढायचा.

४ फेब्रुवारी : माइक

ओपन माइकला बहुधा शूर कंपनीचा एसएम५८ किंवा त्याच जातीचा डायनॅमिक माइक हाती येतो. १९६६ पासून चालत आलेलं मॉडेल, वजन सुमारे ३०० ग्रॅम. घरच्या तालमीत कंगवा किंवा पेन धरून सराव केला की मंचावर हात वेगळाच वागतो. ३०० मिली पाणी भरलेली छोटी बाटली धरायची, वजन तेवढंच भरतं.

जाळीची मूठ करून माइक धरू नये. या माइकला मागून येणारा आवाज कमी पकडता यावा म्हणून जाळीच्या मागच्या बाजूने हवेला वाट ठेवलेली असते. ती झाकली की माइक सगळीकडून आवाज घेऊ लागतो, स्पीकरचा आवाज परत आत शिरतो आणि शिट्टी बसते. दांडा धरायचा, जाळी मोकळी.

तोंडापासून ३ ते ५ सेंटिमीटर. जवळ गेलं की खर्ज वाढतो, लांब गेलं की आवाज पातळ होतो आणि खोलीचा घुमारा शिरतो. ओरडायच्या जागी माइक १०-१५ सेंटिमीटरवर न्यायचा. घड्याळाचं ‘उठा’ कुजबुजत असल्यामुळे तिथे जवळ. नवोदितांचा माइक सेट पुढे सरकेल तसतसा हळूहळू पोटाकडे उतरतो. कोपर बरगडीला टेकवून ठेवला की उतरत नाही.

‘पासवर्ड’ हा शब्द दर वेळी फुटतो. प, फ, ब, भ उच्चारताना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि जाळीवर आदळतो. भ आणि फ जास्त वाईट. माइक तोंडासमोर सरळ न धरता ३० ते ४५ अंश तिरका, हनुवटीच्या बाजूने धरला की झोत शेजारून निघून जातो. शब्द बदलायची गरज नाही.

स्टँड : आधी माइक क्लिपमधून थोडा फिरवत ओढायचा, मग स्टँड उचलून मागे ठेवायचा. स्टँड समोर राहिला तर तो कलाकार आणि लोक यांच्यामधला खांब होतो. उंची बदलताना वरची नळी एका हाताने धरूनच चिमटा सैल करायचा, नाहीतर ती खाली आपटते. स्टँडवरच माइक ठेवून बोलायचं असेल तर हात मोकळे राहतात, पण मान अडकते. लिफ्टच्या बिटला एक हात पुरतो, तेव्हा माइक हातात.

५ फेब्रुवारी

पाठांतर. शब्दन् शब्द फक्त पंच आणि टॅगचे पाठ. सेटअप मुद्द्यांवर. सगळंच घोकलं तर चेहऱ्यावर वाचन दिसतं आणि एक शब्द निसटला की पुढची साखळी तुटते. विसरणं बिटच्या मधे क्वचित होतं, बहुतेक वेळा दोन बिटमधल्या सांध्यात होतं. म्हणून तालीम कुठल्याही बिटपासून सुरू करून पाहायची आणि सांधे वेगळे घोटायचे. यादी तळहातावर नको, घामाने पुसते. चार शब्द कागदावर, स्टुलावर पाण्याशेजारी : टोमणे, बटण, मित्र, थरथर.

११ फेब्रुवारी : पहिल्या खोलीचं ध्वनिमुद्रण

फोन खिशात ठेवून केलेलं मुद्रण निरुपयोगी आहे. कापडाची खसखस येते आणि हशा दबतो. फोन प्रेक्षकांच्या बाजूला, मंचापासून दूर, टेबलावर जाड कापडाची घडी ठेवून त्यावर. मोजायचं आहे ते लोकांचं हसणं. फोन आपोआप आवाजाची पातळी वरखाली करतो, त्यामुळे शांत जागा मोठ्या वाटतात आणि मोठा हशा चेपला जातो. अ‍ॅपमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करायची.

तक्त्यात प्रत्येक पंचसाठी एक ओळ : शब्द, हशाचे सेकंद, आणि ० ते ३ गुण. शून्य म्हणजे शांतता, एक म्हणजे तुरळक, दोन म्हणजे निम्मी खोली, तीन म्हणजे पूर्ण खोली आणि किमान तीन सेकंद. शेजारी खोलीचं वर्णन : अंदाजे किती लोक, त्यात किती स्वतः कॉमेडियन, कितवा नंबर, आवाजाची व्यवस्था कशी. वर्णन नसेल तर गुणांना अर्थ नाही. ओपन माइकला निम्मे प्रेक्षक आपल्या नंबरची वाट पाहत मनात स्वतःचा सेट म्हणत असतात. ते वळणाच्या चलाखीला हसतात, ओळखीच्या गोष्टीला हसत नाहीत. पुढच्या खोलीत नेमकं उलटं होऊ शकतं.

मंचावरून आल्यावर ‘कसा गेला?’ याचं उत्तर तक्त्यात धरायचं नाही. कलाकाराला शांतता लक्षात राहते आणि तीन सेकंदांची शांतता दहाची वाटते.

नोंदी : ‘आता एक मनगटावर’ दोन गुण. ‘घड्याळ चार्जरला’ शून्य. लिफ्ट एक. ‘मला नाही’ तीन. शेवट दोन.

१२ फेब्रुवारी : ‘घड्याळ चार्जरला’ का पडलं

शांततेचे प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता आले की दुरुस्ती सोपी होते. शब्द ऐकूच गेले नाहीत तर लोक शेजाऱ्याकडे वाकतात, कुजबुज होते. संदर्भ कळला नाही तर खोली निश्चल, चेहरे कोरे. पंच आधीच ओळखला असेल तर हशा लवकर, छोटा आणि पंचच्या आधी येतो. बोलणाऱ्याच्या मतावर विश्वास बसला नाही तर सेटअपपासूनच हालचाल वाढते, खुर्च्या वाजतात. आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे कलाकाराने स्वतःचाच हशा तुडवला.

इथे शेवटचं घडलं आहे. ‘चार्जरपर्यंत’ला हशा सुरू झाला आणि ०.४ सेकंदात पुढचं वाक्य आलं. लोक गप्प झाले, कारण त्यांना ऐकायचं होतं. दुसऱ्या टॅगचे निम्मे शब्द हशात बुडाले, उरलेल्यांवरून तर्क लागला नाही. दोन टॅग गेले आणि गुन्हेगार दुसराच ठरला.

थांबायचं किती? हशा शिगेला जातो, मग उतरतो. पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली तर खोली थंड होते, शिगेवर बोललं तर शब्द जातात. साधारण एक तृतीयांश उरला की पुढचा शब्द. घरी सराव करताना हशा नसतो, म्हणून प्रत्येक पंचनंतर श्वास पूर्ण बाहेर सोडून मगच पुढचा घ्यायचा. श्वासाला जेवढा वेळ लागतो तेवढा बहुधा पुरतो. घोटभर पाणी पिणं हाही जुना, चालणारा मार्ग, पण पाच मिनिटांत एकदाच.

विनोद बदलला नाही. एका खोलीवरून ओळ कापायची नाही. निदान तीन वेगळ्या प्रकारच्या खोल्यांत शून्य आलं तरच.

१८ फेब्रुवारी : लिफ्ट

‘बटण दाबून दार काही लवकर बंद होत नाही. फक्त धावत येणाऱ्याला कळतं, आपण कसे आहोत.’

सोबत अभिनय : चेहऱ्यावर ‘अरेरे’, हाताने बटण दणादण. समोरच्या दोन रांगा हसतात, मागे काही नाही. कारण दृष्टिरेषा. मंच जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असेल तर तिसऱ्या रांगेपासून कमरेखालचं काही दिसत नाही, आणि बटण कमरेच्या उंचीवर दाबलं जात होतं. हात खांद्याच्या रेषेत आणला. खरं बटण तिथे नसतं, याची तक्रार कोणी करत नाही. शिवाय मोकळा हात चेहऱ्यापासून दूर, म्हणजे सहानुभूती आणि दणादण दोन्ही एकाच वेळी दिसतात. विनोद त्या दोहोंच्या विसंगतीत आहे. एक झाकलं तर उरतं काय?

२६ फेब्रुवारी : खोली, मधेच बोलणारे

खोली हसरी असणं हा बराचसा मांडणीचा प्रश्न आहे. हसू शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातं. मधे रिकाम्या खुर्च्या असल्या की ते तिथेच अडकतं. ४० खुर्च्यांत २० माणसं पसरण्यापेक्षा २० खुर्च्यांत २० बरी. छत कमी उंचीचं, प्रेक्षकांवर अंधार, मंचावर प्रकाश, पहिली रांग मंचाला लागून. उजेडात बसलेला माणूस हसण्याआधी आजूबाजूला बघतो. आयोजन आपलं नसेल तर होस्टला पुढच्या रांगा भरायला सांगणं एवढंच हाती असतं, आणि ते जरूर सांगावं.

मधेच बोलणारा बहुधा शत्रू नसतो. त्याला वाटतं तो मदत करतोय. तो काय म्हणाला ते आधी माइकमध्ये पुन्हा म्हणायचं. बाकीच्यांना ऐकू जातं आणि उत्तर सुचायला दोन-तीन सेकंद मिळतात. एक उत्तर, मग परत सेटवर, त्यासाठी ठरलेलं वाक्य : ‘तर ते घड्याळ.’ दुसऱ्यांदा बोलला तर आवाज न चढवता ‘माझी पाच मिनिटं आहेत, चार तुम्ही घ्या’ चालतं. तिसऱ्यांदा होस्टचं काम. दिसण्यावर, कपड्यांवर, सोबत बसलेल्या माणसावर जायचं नाही. ते सोपं असतं आणि त्यानंतर पुढच्या रांगेतले सगळे अंग चोरून बसतात.

पाच मिनिटांच्या सेटमध्ये क्राउड वर्क (प्रेक्षकांशी बोलून त्यातून विनोद काढणं) मुद्दाम करायचं नाही. त्यात मिळालेला हशा तक्त्यात कुठल्याही ओळीवर टाकता येत नाही, म्हणजे सेटबद्दल काहीच कळत नाही.

४ मार्च : तक्ता

‘घड्याळ चार्जरला’ : थांबा वाढवल्यावर सलग तीन गुण. शब्द एकही बदललेला नाही.

‘आता एक मनगटावर’ : दोन, स्थिर.

लिफ्ट : दोन. उंच मंच असेल तर तीन.

शेवट : दोन ते तीन. जिथे लिफ्टचा बिट कापला गेला तिथे दोन. अंदाज असा की मधलं अंतर कमी झाल्यामुळे कॉलबॅक लवकर ओळखला जातो. म्हणजे लिफ्ट वाटत होता तितका बिनकामाचा नाही, तो दोन बिटमधली जागा धरून ठेवतो. वेळ कमी पडली तर लिफ्टचा अभिनय ठेवून त्याचा सेटअप कापायचा, साधारण २५ सेकंद वाचतात. चौकट आता फक्त सेटअपभोवती.

९ मार्च : चित्रणाची तयारी

कॅमेरा ट्रायपॉडवर, प्रेक्षकांच्या मागे, मधल्या वाटेत, डोक्यांच्या वर. कमरेपासून वर चौकट, हात आत मावले पाहिजेत, नाहीतर लिफ्ट गेला. एक्स्पोजर आणि फोकस लॉक. स्वयंचलित ठेवलं तर काळ्या पडद्यासमोर चेहरा पांढरा फटक होतो.

आवाज दोन ठिकाणांहून : ध्वनियंत्रणेच्या मिक्सरमधून कलाकाराचा, खोलीतल्या रेकॉर्डरवर हशाचा. फक्त मिक्सरचा घेतला तर उत्तम सेटही रिकाम्या खोलीत केल्यासारखा ऐकू येतो. पातळी सर्वाधिक हशालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास. सँपल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा नोंदला जातो तो दर) ४८ किलोहर्ट्झ, दोन्हीकडे तेच. सुरुवातीला एक टाळी, जुळवायला.

रेकॉर्डर मंचापासून १२ मीटरवर असेल तर आवाज तिथे सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, कारण ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. तो ट्रॅक तेवढा पुढे सरकवला नाही तर प्रत्येक शब्दाला पुसट दुसरी कडा येते. टाळीवर जुळवलं की प्रश्न संपतो.

१५ मार्च : चित्रण

पाठवायची प्रत : होस्टने नाव घेतल्यापासून माइक स्टँडवर परत लावेपर्यंत, एकही काप नाही. मधे काप दिसला की आयोजक गृहीत धरतो की तिथे काहीतरी पडलं होतं. आधी संगीत, नावांची पट्टी, फिरणारा लोगो काहीही नको. बघणारा पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवतो आणि त्यातली दहा सेकंदं लोगोला द्यायची नाहीत. फाइलच्या नावात कलाकाराचं नाव, भाषा, मिनिटं.

उभी क्लिप वेगळी, १०८० बाय १९२०, फक्त घड्याळाचा बिट. शेवट टाकायचा नाही. कॉलबॅक एकदा पाहिलेल्या प्रेक्षकापुढे चालत नाही आणि हा सेट अजून वर्षभर वापरायचा आहे.

उपशीर्षकांत सॉफ्टवेअरने पूर्ण वाक्य एका ओळीत टाकलं होतं : ‘परतीची मोजलीच नाहीत. घड्याळ चार्जरला.’ डोळा कानाच्या पुढे धावतो. पंच बोलण्याआधीच वाचून झाला आणि मागून येणारा हशा विनाकारण वाटू लागला. आता प्रत्येक पंच स्वतंत्र पट्टीत, पहिल्या अक्षराच्या उच्चाराबरोबर उमटणारा. सेटअपची पट्टी थांब्यात तशीच राहू द्यायची. रिकामी झाली की डोळ्याला कळतं काहीतरी येतंय.

राहिलेलं काम : पासवर्डच्या बिटला अजून एकच टॅग आहे, दोन हवेत. ‘मला नाही’ नंतरचे सहा सेकंद सध्या वाया जात आहेत.